गाडी पोचवेल ना? रेंजच्या टेन्शनवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विजेच्या गाड्यांबद्दल थोडंसं लिहिलं आणि शेवटी प्रश्न पाठवा म्हटलं, तर पत्रं, फोन, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून प्रश्न आले आणि फिरून फिरून एकच गोष्ट, रेंजची, म्हणजे एका चार्जिंगवर गाडी किती किलोमीटर जाईल त्याची, गाडी मधातच बंद पडली तर? दारव्ह्याच्या पोरांनी तर यावर अ‍ॅपच बनवायला घेतलंय, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो आणि बाकीच्यांची उत्तरंही त्याच अंगाने देतो, कारण रोज गाडी चालवणाऱ्याला जे सतावते ते अ‍ॅप बनवणाऱ्याच्या कानावर गेलंच पाहिजे.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, प्रोजेक्ट म्हणून इलेक्ट्रिक कारसाठी मोबाइल अ‍ॅप बनवून राहिलो. माझे काका यवतमाळला राहतात, त्यांच्याकडे २४ युनिट बॅटरीची गाडी आहे, दवाखान्याच्या कामाने नागपूरला नेहमी जाणं असते. निघताना स्क्रीनवर २१० किलोमीटर दाखवते, नागपूर दीडशेच्या आसपास, तरी काका वर्ध्याला उगाच अर्धा तास थांबून चार्जिंग लावतात आणि भर उन्हात एसी बंद करतात. आम्ही अ‍ॅपमध्ये रेंज एकदम अचूक दाखवायचं ठरवलंय, स्क्रीनच्या मधोमध एकच मोठा आकडा. अजून काय टाकावं? (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

भाऊ, पहिले तर तो मधोमधचा मोठा आकडाच काढून टाका.

काका उगाच थांबतात असं मला वाटत नाही. त्यांचा त्या २१० वर भरवसा राहिलेला नाही आणि त्याला कारण आहे. गाडीच्या जाहिरातीतली रेंज येते चाचणीतून, पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चालवतात, एसी बंद असतो आणि वेग ९० च्या वर जात नाही. २०२२ साली टियागो ईव्ही आली तेव्हा तिच्या २४ युनिटच्या मॉडेलची अशी रेंज ३१५ किलोमीटर होती, म्हणजे युनिटला १३ किलोमीटर. आता मे महिन्यात ४५ डिग्रीत, एसी लावून, चार माणसं बसवून हायवेने जा, सात ते साडेआठचं अ‍ॅव्हरेज मिळालं तरी चांगलं म्हणायचं. (युनिट म्हणजे आपलं लाईट बिलातलंच युनिट. अ‍ॅपमध्येही हाच शब्द ठेवा, गावातल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.)

डॅशबोर्डवरचा आकडा जाहिरातीपेक्षा बरा, पण बहुतेक गाड्यांत तो मागच्या काही किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज काढून उरलेल्या चार्जिंगला लावलेला असतो, पुढचा रस्ता त्याला माहीतच नसतो. काका दोन दिवस यवतमाळात तीस-चाळीसच्या स्पीडने फिरले, अ‍ॅव्हरेज मस्त आलं, २१० दिसलं. मग कळंबच्या बाजूने चार पदरी रस्त्यावर शंभरने गाडी काढली की दहा किलोमीटर जाता जाता आकडा वीसने खाली येतो. एकदा का हे डोळ्याने पाहिलं की माणूस आकडा पाहत नाही, मनातल्या मनात आपला हिशोब लावत बसतो, आणि त्या हिशोबात पहिला बळी एसीचा जातो.

म्हणून मी म्हणतो की आकडा अजून अचूक करून हे टेन्शन जाणार नाही, तुम्ही २१० च्या जागी १७८ दाखवा, तोही चुकणारच कारण वारा, ऊन, ट्रॅफिक, काकांचा पाय हे कोणाच्याच हातात नाही. दाखवायचं ते हे की पोचल्यावर किती उरेल, आणि तेही पट्ट्यात. काकांचंच घ्या. सातचं अ‍ॅव्हरेज पडलं तर दीडशे किलोमीटरला साधारण साडेएकवीस युनिट जातील, साडेआठचं पडलं तर साडेसतरा. म्हणजे फुल चार्जवर निघाले तर नागपूरला पोचताना ११ ते २६ टक्के उरेल. स्क्रीनवर एवढंच लिहा, "नागपूरला पोचाल, ११ ते २६ टक्के उरेल", आणि यातला ११ मोठ्या अक्षरात, २६ लहान. माणसाला वाईटात वाईट काय होईल ते पहिले कळलं की तो शांत बसतो. यावर संशोधन झालेलं आहे, २०१५ साली माल्टे युंग आणि सहकाऱ्यांनी लोकांना इलेक्ट्रिक गाडी चालवायला देऊन पाहिलं, काहींसमोर रेंजचा एकच आकडा आणि काहींसमोर अंदाजाचा पट्टा, तर पट्टा पाहणाऱ्यांचा गाडीवरचा विश्वास जास्त टिकून राहिला.

दुसरं, अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की एकच प्रश्न विचारा, "पोचताना कमीत कमी किती टक्के उरलेले पाहिजेत?" काका २० म्हणतील, तुम्ही १० म्हणाल. जर्मनीत फ्रांके आणि क्रेम्स यांनी इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा अभ्यास केला तेव्हाही असंच दिसलं की लोक मिळणाऱ्या रेंजच्या पाऊण भागापर्यंतच, फार तर ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त जातात, बाकीची राखीव ठेवतात. ही राखीव काढून घ्यायचा प्रयत्न करू नका, ती त्यांची आहे. हिशोबच त्यांची राखीव धरून करा. काकांना २० पाहिजे आणि पट्टा ११ पासून सुरू होतो, म्हणजे वर्ध्याला थांबणं बरोबरच आहे, पण किती वेळ? तिथे तुमचं अ‍ॅप कामाचं, कारण कमी पडतात नऊ टक्के, म्हणजे दोन-सव्वादोन युनिट, ती २५-३० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर पाचेक मिनिटांची गोष्ट आहे. अर्ध्या तासाचं काम चहा होईपर्यंत उरकते आणि एसी चालू ठेवून जाता येते, हे अ‍ॅपने सांगितलं पाहिजे.

एसीवरून एक सांगतो जे बरेच अ‍ॅपवाले विसरतात. मोटर खाते किलोमीटरवर, एसी खातो तासावर. दीड किलोवॅटचा एसी तासाला दीड युनिट घेणार, गाडी कितीही पळो. चांगल्या रस्त्यावर ८० च्या स्पीडने ते किलोमीटरमागे फारसं जाणवत नाही, पण दारव्ह्याकडून आतल्या एखाद्या खड्ड्याच्या रस्त्याने तीसच्या स्पीडने चालले की तोच एसी किलोमीटरमागे अडीच पटीच्या वर पडतो. म्हणून रस्त्याचं अंतर घेऊन चालत नाही, त्या रस्त्यावर खरोखर किती वेळ लागतो तेही घ्या.

आणि वॉर्निंगचं. बॅटरी २० टक्के झाली की टूं टूं वाजवायचं हे मोबाइलवरून उचललेलं आहे, गाडीत त्याचा उपयोग नाही. २० टक्के झाले आणि पुढे मागे काहीच नाही तर वाजवून काय करता? वॉर्निंग टक्क्यावर नका लावू, जागेवर लावा. जिथे काहीतरी करता येते अशी शेवटची जागा कोणती ते अ‍ॅपने आधीच काढून ठेवायचं, समजा वर्ध्याचा चार्जर बंद आहे आणि ती जागा देवळी आहे, तर देवळी यायच्या चार-पाच किलोमीटर आधी एकदाच, मराठीत, आवाजात सांगायचं, "इथून पुढे बुटीबोरीपर्यंत थांबा नाही, स्पीड ८० ठेवली तर १८ टक्क्यांवर पोचाल, नाहीतर देवळीत थांबा." म्हणजे स्पीड कमी करायची की थांबायचं, दोन्ही गोष्टी ड्रायव्हरच्या हातात. एवढं करा, बाकीचे रंगीबेरंगी ग्राफ नसले तरी चालतील.

प्रश्न : समृद्धीने नागपूरला जाताना अ‍ॅपमध्ये एक चार्जर हिरवा दिसला म्हणून त्याच्या भरवशावर गेलो, तर चार्जरची गन गाडीला लावली, पैसे कापले गेले, चार्जिंग सुरूच झालं नाही. कस्टमर केअर म्हणे आमच्याकडे तर चालू दाखवते. हे हिरवं म्हणजे नेमकं काय असते? (एक वाचक, कारंजा लाड, जि. वाशिम)

दादा, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण रेंजचं टेन्शन अर्धं बॅटरीचं आणि अर्धं चार्जरचं असते आणि बोलणं मात्र सगळं बॅटरीवरच होते.

चार्जर आणि कंपनीचा सर्व्हर आपसात ओसीपीपी नावाच्या भाषेत बोलतात. चार्जर मधूनमधून "मी आहे" असा निरोप पाठवतो आणि आपली अवस्था सांगतो, रिकामा आहे, चार्जिंग सुरू आहे, बिघाड आहे वगैरे. हिरवं म्हणजे फक्त इतकंच की चार्जर सर्व्हरला जोडलेला होता आणि गनला गाडी लागलेली नव्हती. गन लावल्यावर गाडीशी बोलणं जमेल का, आतलं कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा स्विच, लागेल का, लाईन पूर्ण दाबाने म्हणजे पूर्ण व्होल्टेजने येते का, यातलं काहीच त्या हिरव्यात नाही. त्यात लाईट गेली किंवा चार्जरच्या सिमचं नेटवर्क गेलं तर काही अ‍ॅप शेवटची अवस्थाच दाखवत राहतात.

दारव्ह्याच्या पोरांनो, हे तुमच्यासाठी. हिरवा-लाल ठेवूच नका. त्याऐवजी "शेवटची गाडी इथे कधी चार्ज झाली आणि किती किलोवॅटने" हे लिहा. "आज सकाळी साडेनऊला, २८ किलोवॅटने" असं दिसलं की ड्रायव्हर डोळे झाकून जाईल. आता आपल्याकडे एक अडचण आहे, पुण्या-मुंबईला चार्जरवर रांग असते, आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी चार चार दिवस कोणी येत नाही, म्हणून चार दिवसांत चार्जिंग झालं नाही म्हणजे तो बंदच आहे असं धरता येत नाही. अशा वेळी खरं काय ते लिहा, "चार दिवसांपासून कोणी वापरला नाही", आणि खाली फोनचं बटण द्या. चार्जर ज्याच्या आवारात आहे तो ढाबेवाला, पंपाचा मॅनेजर, हॉटेलवाला, त्याला एक फोन केला की तो खिडकीतून पाहून सांगतो की लाईट आहे का, गेट उघडं आहे का, ट्रक आडवा लागला आहे का. त्याच्या परवानगीने त्याचा नंबर घ्यायला एक दिवस गाडी काढून त्या रस्त्याने फिरावं लागेल, फिरा. या एका बटणाने जेवढं टेन्शन कमी होईल तेवढं कोणत्याच गणिताने होणार नाही.

अजून एक. एकाच ठिकाणी दोन गन आहेत म्हणजे दोन पर्याय आहेत असं बिलकुल धरू नका. दोन्ही एकाच डीपीवर असतात, लाईन गेली की दोन्ही जातात. पर्याय म्हणजे दुसऱ्या गावातला, दुसऱ्या फिडरवरचा चार्जर. अ‍ॅपने रस्ता आखताना प्रत्येक थांब्याला विचारायचं की हा बंद निघाला तर उरलेल्या बॅटरीत पुढचा गाठता येतो का, नसेल येत तर आधीच्याच थांब्यावर जास्त भरून घ्यायला सांगायचं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग असावं असं म्हटलं होतं, चांगली गोष्ट आहे, पण रस्त्यावरच्या माणसाला संख्येशी देणंघेणं नसते, त्याच्या पुढचा एक चार्जर चालू आहे का एवढंच त्याला पाहिजे असते.

चार्जर कुठे आहेत ही माहिती जमवताना एकाच कंपनीवर थांबू नका. प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप, वेगळं वॉलेट, ओटीपी आला तर आला, हा सगळा त्रास कारंज्याच्या दादांनी भोगलाच आहे. बीईई म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोचं ईव्ही यात्रा नावाचं पोर्टल आणि अ‍ॅप डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर एका ठिकाणी दिसावेत हाच त्याचा उद्देश, सुरुवात तिथून करता येईल.

आणि दादा, समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून १२० ने जाऊ नका एवढी विनंती. ८० चे १२० केले तर वेग दीडपट होतो पण हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो, बॅटरी तिथेच जाते.

प्रश्न : भाऊ, मी परतवाड्याचा, टॅक्सी चालवतो. इलेक्ट्रिक गाडी घेतली अन् चिखलदऱ्याले पॅसिंजर नेतो. अ‍ॅप म्हन्ते तीस किलोमीटर हाय, अठरा टक्के लागन. लागते तीसच्या वर! वर पोचलो का आकडा पाहून जीव धकधक करते का आता खाली कसा जाऊ. पन खाली येतो त काही लागतच नाई. हे काहून असं होते? (एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती)

भाऊ, तुमच्या अ‍ॅपने घाट पाहिलाच नाही, त्याने नकाशावरचं अंतर मोजलं आणि सपाट जमिनीचा हिशोब लावून दिला.

आपण दोघं मिळून मांडू. परतवाड्यापासून चिखलदरा साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. गाडी, चार पॅसिंजर आणि सामान मिळून १६०० किलो धरा. एवढं वजन साडेसातशे मीटर वर उचलायला सव्वातीन युनिट लागतात, मोटरमधला घाटा धरून साडेतीनच्या वर. ही झाली फक्त चढाची वीज. तीस किलोमीटर चालायची चार-सव्वाचार युनिट वेगळी. म्हणजे २४ युनिटच्या गाडीत अठरा टक्क्यांऐवजी बत्तीस टक्के. तुमचा अनुभव एकदम बरोबर आहे, गाडीत काही बिघाड नाही.

उतरताना ती उचललेली वीज काही प्रमाणात परत येते, मोटरच उलटी चालून बॅटरी भरते. सगळी येत नाही, निम्मी-साठ टक्के म्हणजे दोनेक युनिट धरा. म्हणून खाली यायला दहा टक्क्यांच्या आसपासच लागते. ज्या वेळी वर तुमचा जीव धकधक करते त्या वेळी अ‍ॅपने हेच एक वाक्य सांगायला पाहिजे, "परतवाड्याला जायला १० टक्के पुरतील." घाटातल्या माणसाला चढाचा खर्च आणि उताराची परतफेड एकत्र दाखवली, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसेक टक्के, की धास्ती राहत नाही. प्रोजेक्टवाल्या पोरांसाठी सांगतो, उंचीची माहिती फुकट मिळते, नासाने २००० साली अवकाश यानातून जमिनीची उंची मोजली होती, ती एसआरटीएम नावाने खुली आहे, तीस मीटरच्या चौकटीची, मेळघाटच्या घाटाला पुरून उरते.

एक काळजी मात्र घ्या. वर हॉटेलात रात्री मुक्काम असला आणि प्लग मिळाला तर गाडी फुल करून खाली निघू नका. बॅटरी १०० टक्के भरलेली असली तर उतारावरची वीज घ्यायला तिच्यात जागा नसते, मग मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, घाटात ते तापतात. ८५-९० वर काढून घ्या. हे अ‍ॅपने स्वतःहून सांगायला पाहिजे, ते नुसतं पोचण्याचं काम नाही, जिवाचं काम आहे.

प्रश्न : माझा इलेक्ट्रिक ऑटो आहे. मीटर २० टक्के दाखवते आणि चौकात जाता जाता एकदम ८ वर येते. बॅटरी खराब झाली का? (एक वाचक, वणी, जि. यवतमाळ)

बहुतेक नाही. बऱ्याच ऑटोत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते, टिकाऊ आहे, उष्णतेलाही चांगली, पण तिचा दाब मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सारखाच राहतो, म्हणून दाबावरून किती उरलं ते ओळखता येत नाही. मग आतलं सर्किट किती वीज आत गेली, किती बाहेर गेली याची बेरीज-वजाबाकी करत बसते, रोजची थोडी थोडी चूक साचत जाते आणि शेवटाला आली की एकदम दुरुस्त होते, तेच तुम्हाला २० वरून ८ दिसते. आठवड्यातून एकदा पूर्ण १०० पर्यंत चार्ज होऊ द्या, मधात काढू नका, हिशोब पुन्हा बरोबर बसतो. तरी तसंच होत राहिलं तर एखादा सेल कमजोर आहे का ते सर्व्हिस सेंटरला दाखवा. अ‍ॅपने काय करायचं, तर शेवटचा फुल चार्ज कधी झाला ते लक्षात ठेवायचं आणि बरेच दिवस झाले असतील तर पट्टा रुंद करायचा.

प्रश्न : गाडीतला चार्जिंगचा टक्का अ‍ॅपला कळणार कसा? आमच्या गाडीचं कंपनीचं अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपला काही देत नाही. (दारव्ह्याच्याच मित्रमंडळींपैकी एक)

गाडीतल्या ओबीडी पोर्टला, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं मशीन लावतो त्या सॉकेटला, ब्लूटूथ डोंगल लावून काही गाड्यांत मिळते, पण प्रत्येक कंपनीचा मामला वेगळा, त्यात अडकून तुमचं वर्ष जाईल. निघताना टक्का आणि पोचल्यावर टक्का, दोनदा बोटाने टाकायला लावा, किलोमीटर तर जीपीएसवरून मिळतातच. थोड्याच फेऱ्यांमध्ये त्या गाडीचं, त्या ड्रायव्हरचं, त्या रस्त्याचं खरं अ‍ॅव्हरेज हाती येते आणि पट्टा आपोआप अरुंद होत जातो. काकांना ते होताना दिसू द्या.

प्रश्न : मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. एटापल्ली तालुक्यात गावोगावी फिरायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार आहे, पेट्रोलचा खर्च परवडत नाही. पण इकडे जंगलात मोबाइलचं नेटवर्क नाही, चार्जिंग स्टेशन तर नाहीच. मग अ‍ॅपचा मला काय फायदा? (एक वाचक ताई, जि. गडचिरोली)

ताई, तुमच्यासारखीसाठी अ‍ॅप बनवलं तर ते नागपूरवाल्यालाही पुरेल, उलट होत नाही. म्हणून तुमचं उत्तर पोरांनी नीट वाचावं.

स्कूटरचा हिशोब कारपेक्षा सोपा आणि सुखाचा आहे. तीन युनिटची बॅटरी, युनिटला तीस किलोमीटर धरा, म्हणजे नव्वद. एटापल्लीहून आलापल्ली तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन साठ, बॅटरीत तिसरा हिस्सा उरतो. तुम्हाला चार्जिंग स्टेशनची गरजच नाही, साधा प्लग पाहिजे. घरगुती चार्जर पाऊण किलोवॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे तासभर लावला की वीसेक किलोमीटर वाढतात. लसीकरणाचं सत्र दोन-तीन तास चालते, तेवढ्यात तिथल्या अंगणवाडीत, शाळेत, ग्रामपंचायतीत प्लग मिळाला तर परतीची सोय झाली. चार्जर सोबत ठेवता येतो अशीच स्कूटर घ्या, हे घेताना विचारून घ्या.

मग अ‍ॅपचं काम काय? तर नकाशा, रस्त्याची चढउतार आणि "या गावात या घरी, या कार्यालयात प्लग मिळतो" ही यादी फोनमध्येच साठवून ठेवायची, घरून किंवा तालुक्याहून निघतानाच. सगळा हिशोब फोनमध्येच व्हायला पाहिजे, सर्व्हरला विचारून नाही. एका तालुक्याची अशी माहिती साध्या फोनमध्येही सहज बसते. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, त्यामुळे जंगलातही गाडी कुठे आहे ते कळतेच. यादीतली माहिती किती जुनी आहे ते मात्र प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं पाहिजे, आणि प्लग देणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय कोणाचंही घर यादीत टाकायचं नाही. वीज त्याची आहे, युनिटचे पैसे किती द्यायचे तेही तिथेच लिहा, म्हणजे तुम्हाला मागताना आणि त्याला सांगताना संकोच नको.

पडद्यावर तुम्हाला दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, आत्ता निघाले तर घरी पोचेन का, आणि नसेल तर किती मिनिटं प्लग लावायचा. "४० मिनिटं लावा, मग निघा." बस. आणि निघताना घरच्यांना एक मेसेज तयार राहू द्या, कोणत्या रस्त्याने निघाले आणि किती वाजेपर्यंत पोचेन, निघायच्या ठिकाणी किंवा वाटेत नेटवर्क आलं की तो आपोआप जाईल. तिन्हीसांजेला एकट्या बाईला त्या रस्त्यावर बॅटरीपेक्षा मोठी काळजी दुसरीच असते आणि अ‍ॅप बनवणाऱ्याला ते ठाऊक असलं पाहिजे. आवाज मराठीत तर हवाच, तुमच्याकडे माडिया बोलणारे, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे आहेत, त्यांच्या बोलीत दहा-बारा वाक्यं रेकॉर्ड करून टाकणं काही अवघड नाही.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बदलतो आणि वीसचे चाळीस किलोमीटर होतात. जून ते सप्टेंबर राखीव वाढवून ठेवा.

प्रश्न : गावात रात्री लाईन डिम असते, मधात जातेही. रात्रभर लावून गाडी सकाळी अर्धीच भरलेली असते, मग अमरावतीला कसं जावं? याला अ‍ॅप काय करणार? (एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती)

अ‍ॅप लाईन आणू शकत नाही, पण रात्री झोपतानाच सकाळचं खरं चित्र दाखवू शकते. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जर साधारण १३ अँपिअर ओढतो. दाब २३० असला तर तीन किलोवॅट मिळतात, १८० वर आला तर सव्वादोन-अडीचच्या मधात. २४ युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून फुल करायला घाटा धरून एकवीसेक युनिट लागतात, म्हणजे चांगल्या दाबावर सात तास, डिम लाईटवर नऊच्या वर. वरून दोन तास लाईन गेली आणि चार्जर परत आपोआप सुरू झाला नाही तर झालंच. दाब फारच खाली गेला तर चार्जर स्वतःच बंद होतो.

तुमच्याकडे संत्र्याच्या बागा, हरभरा, गव्हाला पाणी चालू असते तेव्हा डीपीवर ताण येतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे, अ‍ॅपला माहीत नाही. त्याला शिकवायचं. झोपताना टक्का टाका, सकाळी टक्का टाका, थोड्या दिवसांत गाडीचं जसं रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज निघते तसं तुमच्या घरचं रात्रीचं अ‍ॅव्हरेज निघेल, रब्बीचं वेगळं आणि पावसाळ्याचं वेगळं. मग उद्या अमरावतीला जायचं आहे असं आज सांगितलं की अ‍ॅप म्हणेल, "आज संध्याकाळी सहालाच लावा, सकाळी ७० ते ८५ होईल, परत येताना वाटेत पंधरा मिनिटं थांबावं लागू शकते." दिवसभर गाडी घरीच असेल आणि छपरावर सोलर असेल तर दिवसा लावा म्हणून सांगायचं, त्या वेळी दाबही बहुतेक बरा असतो. शक्य असेल तर गाडी रोजच थोडी थोडी लावत जा, २० टक्क्यांची वाट पाहू नका, म्हणजे एखादी रात्र वाया गेली तरी अडत नाही.

आणि एकदा घरची अर्थिंग तपासून घ्या. गावाकडच्या बऱ्याच जुन्या घरांमध्ये तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नसते, बल्ब-पंखा चालतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण गाडीचा चार्जर अर्थिंग नसली की लाल लाईट दाखवून थांबतो आणि लोक म्हणतात गाडी खराब निघाली. इलेक्ट्रिशियनला बोलावून कोळसा-मिठाचा खड्डा करून अर्थिंग घ्या, मीटरपासून गाडीसाठी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वेगळी ओढा, तिच्यावर एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार किंवा गळती झाली की लाईन तोडणारे स्विच) बसवा. लाईन डिम आहे म्हणून तक्रार महावितरणकडे एकट्याने न करता डीपीवरच्या सगळ्या घरांनी मिळून लेखी करा. एक्स्टेंशन बोर्डावर मात्र गाडी एक रात्रसुद्धा लावू नका, तो तापून वितळतो.